स्टँड कोण उचलणार?

गेल्या गणपतीत डोंबिवलीच्या एका मैदानावर आमचा कार्यक्रम होता. जुनी हिंदी-मराठी गाणी, दोन गायक, नऊ वादक. पाचवं गाणं सुरू होतं. मांडवाच्या मागचं कापड कुणी नीट बांधलं नव्हतं आणि पावसाच्या आधी सुटतो तसा वारा सुटला. माझ्यासमोरचा नोटेशन स्टँड आधी थरथरला, मग पानांचं शीड झालं आणि अख्खा स्टँड शेजारी बसलेल्या मुलीच्या व्हायोलिनवर आडवा पडला. तिच्या व्हायोलिनची घोडी मोडली, दोन तारा सुटल्या. गाणं थांबलं नाही, थांबत नसतंच. तिने उरलेला कार्यक्रम हातात मोडकं वाद्य धरून, वाजवल्यासारखं करत काढला. आयोजकांनी तिला पूर्ण मानधन दिलं, पण दुरुस्तीचे पैसे मी दिले. माझ्या त्या संध्याकाळच्या पाकिटातले निम्मे गेले.

स्टँड साडेपाचशे रुपयांचा होता. काड्यांचा, घडीचा, छत्रीसारखा उघडणारा. तुमच्यापैकी कुणी शाळेत गिटार किंवा कीबोर्डचा क्लास लावला असेल, तर हाच स्टँड घरात कुठेतरी कपाटावर धूळ खात पडलेला असेल.

नवा घ्यायला मी धोबी तलावला गेले. तिथे तीन प्रकार ओळीने मांडले होते. एक हाच, काड्यांचा. दुसरा सलग पत्र्याच्या काळ्या पाटीचा, भरभक्कम, उचलला तर खांद्याला कळेल असा. तिसरा टॅब्लेट अडकवायचा. दुकानातून मी माहीमच्या एका अंकलना फोन लावला. अंकल मूळचे साष्टीचे, ऐंशी ओलांडलेले, तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग फिल्मच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवलेले. मी त्यांना तिन्हींची वर्णनं, किमती वगैरे सांगायला लागले. त्यांनी मध्येच तोडलं. "बाय, ते सगळं मागाहून. पहिलं सांग, स्टँड कोण उचलणार?"

मी काहीच न घेता परत आले. पण तो प्रश्न डोक्यात राहिला आणि त्या नादाने मी स्टँडच्या इतिहासात शिरले. शिरल्यावर कळलं की अंकलनी विचारलेला प्रश्न पाचेकशे वर्षं जुना आहे. दुकानातला प्रत्येक स्टँड कुठल्या तरी काळातल्या, कुठल्या तरी जागेवरच्या वादकासाठी बनलेला आहे. ती जागा तुमची नसेल तर तो स्टँड तुम्हाला त्रास देणार.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण स्टँड उचलायचाच नव्हता. युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये मध्ययुगाच्या शेवटी गायकांसाठी एकच मोठं पुस्तक असायचं. हाताने लिहिलेलं, इतकं मोठं की उघडल्यावर आठ-दहा जणांना दोन पावलांवरून वाचता यावं. ते ठेवायला लाकडाचं किंवा पितळेचं जड पीठ. सगळे त्याभोवती दाटीने उभे राहायचे. पुस्तक चर्चचं, पीठ चर्चचं, आणि गाणाराही बहुतेक वेळा चर्चचाच. पोर्तुगीज भाषेत नोटेशन स्टँडला आजही 'एस्तांते' म्हणतात आणि पुस्तकांच्या कपाटालाही एस्तांतेच म्हणतात. म्हणजे ते फर्निचर. फर्निचर कुणी खांद्यावर घेऊन फिरत नाही.

मग छपाई आली. १५०१ साली व्हेनिसमध्ये ओत्तावियानो पेत्रुच्चीने अनेक आवाजांच्या संगीताचं पहिलं पुस्तक सुट्या खिळ्यांनी छापलं. पुढच्या काही दशकांत प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका निघायला लागली. मोठ्या पुस्तकाभोवतीची दाटी मोडली. ज्याचा त्याचा कागद ज्याच्या त्याच्या हातात आला. गंमत म्हणजे तेव्हाही घरगुती मैफलीत स्टँड लागायचाच असं नाही, टेबल पुरायचं. लंडनमध्ये १५९७ साली जॉन डाउलंडने आपल्या गाण्यांचं पुस्तक काढलं. त्यात एकाच उघड्या पानावर एक आवाज सरळ, दुसरा आडवा, तिसरा उलटा असा छापलेला. टेबलाच्या मधोमध पुस्तक ठेवायचं आणि चारी बाजूंनी बसून गायचं. तुम्ही कुठल्या बाजूला बसला आहात त्यावर तुमचा आवाज ठरणार. मला हे फार आवडलं, पण डोंबिवलीच्या मैदानात उपयोगाचं नाही.

स्वतंत्र, एकेकट्या वादकासमोर उभा राहणारा स्टँड रुळला तो पुढे, वाद्यवृंद वाढल्यावर. दरबारात आणि नाट्यगृहात तो लाकडाचा असे, त्याला मेणबत्ती लावायची सोय असे. या मेणबत्तीची एक गोष्ट आहे. हायडनने ती म्हातारपणी आपल्या चरित्रकारांना सांगितली.

१७७२ सालची गोष्ट. हायडन तेव्हा हंगेरीतल्या राजपुत्र निकोलाउस एस्तरहाझीकडे नोकरीला होता. राजपुत्राने गावाबाहेर दलदलीत एक प्रचंड महाल बांधला होता आणि उन्हाळ्यात सगळा वाद्यवृंद तिथे न्यायचा. वादकांपैकी बहुतेकांच्या बायकापोरांना तिथे मज्जाव. कुटुंबं दूर आयझेनश्टाटला. त्या वर्षी राजपुत्राचा मुक्काम हलेचना. वादक हायडनकडे आले. हायडनने अर्ज केला नाही, सिम्फनी लिहिली. तिचा शेवट सुरू झाला की एकेका वादकाचं काम संपत जातं. तो उठतो, आपल्या स्टँडवरची मेणबत्ती विझवतो आणि वाद्य घेऊन निघून जातो. एक गेला, दुसरा गेला, सभागृह अंधारत गेलं. शेवटी दोनच व्हायोलिनं उरली, एक हायडनचं आणि दुसरं वाद्यवृंदाचा म्होरक्या लुइजी तोमाझिनीचं. राजपुत्राला इशारा समजला आणि दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड हललं, असं हायडनचं म्हणणं. तीच पंचेचाळिसावी, 'फेअरवेल' सिम्फनी.

या गोष्टीत वादक काय नेतात आणि काय मागे ठेवतात ते बघा. वाद्य नेतात. स्टँड तिथेच राहतो. तो मालकाचा आहे. नोकरी पक्की, पगार पक्का, जागा पक्की, आणि त्या बदल्यात घरी जायची मुभा नाही. मेणबत्ती विझवण्याचा हक्क तेवढा वादकाचा.

घडीचा स्टँड ज्याला लागतो तो माणूस याच्या अगदी उलट. त्याला कुणी डांबून ठेवत नाही आणि कुणी ठेवूनही घेत नाही. आज इथे, उद्या तिथे. हा माणूस एकोणिसाव्या शतकात संख्येने वाढला. शहरं वाढली, बागांमध्ये बँड वाजायला लागले, कॅफे, नाचाचे हॉल, सर्कस, हौशी मंडळं, घरोघरच्या शिकवण्या. रेल्वे आली, त्यामुळे एका गावचा वादक दुसऱ्या गावी जाऊन वाजवून रात्री परत येऊ शकायला लागला. वाद्य एका हातात. दुसऱ्या हातात काय धरता येईल? लाकडी पीठ नक्कीच नाही.

याच शतकात पोलादाच्या बारीक, ताठ काड्या स्वस्तात बनायला लागल्या. १८५२ साली इंग्लंडमध्ये सॅम्युएल फॉक्सने पोलादी काड्यांची छत्री आणली. त्याआधीची छत्री व्हेलच्या हाडाची किंवा वेताची, अवजड. घडीचा स्टँड याच जगातला आहे. नळीत सरकणारी नळी, खाली तीन पाय, वर पंख्यासारख्या उघडणाऱ्या काड्या, आणि सगळं मिटून हातभर लांबीचं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या हॅमिल्टन गावी १८८३ साली क्राउट अँड बेनिंगहोफेन ही कंपनी सुरू झाली. तिचे स्टँड गावाच्याच नावाने, हॅमिल्टन म्हणून, जगभर गेले. आज आपल्याकडे मिळणारा काड्यांचा स्टँड त्याच घराण्यातला. सव्वाशे वर्षांत त्यात फारसा बदल झालेला नाही. उघडताना बोट चिमटतं तेही, मला वाटतं, तेव्हापासूनचं.

याहून हलका स्टँड फक्त लष्करी बँडकडे होता. चालता चालता वाजवायचं म्हणजे जमिनीवर काही उभं करता येत नाही. म्हणून ट्रम्पेटला, क्लॅरिनेटलाच एक छोटा चिमटा लावायचा आणि त्यात पोस्टकार्डाएवढा कागद अडकवायचा. त्या चिमट्याचा आकार जुन्या ग्रीक वाद्यासारखा, म्हणून त्याचं नाव लायर. आपल्याकडे लग्नाच्या वरातीतला बँड बघाल तर वादक गणवेश या लष्करी बँडचा घालतात, वाद्यंही तीच, पण चिमटा बहुतेकदा नसतो. गाणी पाठ असतात. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, नाचणाऱ्या काकांचे धक्के खात वाजवायचं तर पाठांतर हाच खरा फोल्डिंग स्टँड.

आता दुकानातला दुसरा, काळ्या पाटीचा. तो विसाव्या शतकातला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑटो लागरवाल नावाच्या वादकाने काड्यांच्या स्टँडला कंटाळून नवा स्टँड बनवला. त्यात फिरवायचे स्क्रूच नाहीत. पाटी हाताने वर ओढा, तिथे थांबते. खाली दाबा, खाली जाते. आतल्या घर्षणावर सगळं चालतं. मॅनहॅसेट या नावाने तो विकला जातो, कारखाना याकिमा गावात. अमेरिकेतल्या शाळांच्या बँडच्या खोल्या आणि सिम्फनीचे रंगमंच या स्टँडने भरलेले असतात. वजन तीन किलोंच्या पुढे. हा स्टँड अशा ठिकाणासाठी आहे जिथे खोली आहे, खोलीला कुलूप आहे, आणि कार्यक्रमानंतर स्टँड रचून ठेवणारा माणूस पगारावर आहे. एस्तरहाझीच्या लाकडी स्टँडचा हा नातू.

त्याच काळात स्विंगच्या बँडवाल्यांनी तिसराच मार्ग काढला होता. त्यांचं आयुष्य बसमध्ये. रोज नवं गाव, नवा हॉल. ते घडीचे पुठ्ठ्याचे डेस्क नेत. उघडले की समोरून पेटीसारखे दिसत, मागून कागद ठेवायची उतरती फळी. समोरच्या बाजूवर बँडच्या मालकाची आद्याक्षरं मोठ्या अक्षरात. ग्लेन मिलरच्या वादकांचे फोटो बघा, प्रत्येकाच्या गुडघ्यांपुढे मालकाचं नाव. स्टँड वादक उचलतोय आणि जाहिरात दुसऱ्याची होते आहे. आजचे डिलिव्हरीवाले मित्र हे लगेच ओळखतील.

इथून गोष्ट मुंबईत येते.

१९३५ साली ताजमहाल हॉटेलने लिऑन ॲबी या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड आणला. सगळे कृष्णवर्णीय कलावंत. त्यांच्यामागून आणखी आले आणि त्यांच्यासोबत, त्यांच्याकडून ऐकून, गोव्याचे वादक जॅझ वाजवायला लागले. ताजमध्ये १९३९ पासून पुढची दोन दशकं मिकी कोरियांचा बँड होता. हे सगळं तपशिलात वाचायचं असेल तर नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' वाचा. मला इथे एकाच गोष्टीत रस आहे. हे लोक कागद वाचू शकत होते.

ती विद्या गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधली. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा होत्या आणि तिथे मेस्त्रे, म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचा. हेतू चर्चच्या गायनाचा. परिणाम असा झाला की शेतावर किंवा बोटीवर काम करणाऱ्या घरांतल्या मुलांच्या हाती एक असं कौशल्य आलं, ज्याची उपखंडात फार थोड्यांना सवय होती. समोर कधीही न पाहिलेला कागद ठेवा, ते वाजवून दाखवतील. आणि हे कौशल्य विकायला गोव्यात बाजार नव्हता. बाजार मुंबईत होता.

मुंबईत दारूबंदी कडक झाली तशी हॉटेलांतली रात्र मंदावली, आणि त्याच सुमाराला हिंदी सिनेमाच्या गाण्यांतला वाद्यवृंद फुगत चालला होता. वादक तिकडे गेले. आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, चिक चॉकलेट या ट्रम्पेटवाल्याला साहाय्यक म्हणून घेतलं. त्यांचं खरं नाव आंतोनियो शाविएर वाझ. १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशनकडे सबॅस्टियन डिसूझा होते. काम असं चालायचं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार. अरेंजर ती लिहून घेणार, व्हायोलिनं काय वाजवतील, चेलो काय वाजवेल, मधल्या तुकड्यात ट्रम्पेट कुठे येईल हे ठरवणार. मग प्रत्येकाचा भाग वेगळ्या कागदावर उतरवायचा आणि स्टँडवर ठेवायचा. सकाळी आलेल्या वादकाने तो कागद पहिल्यांदा पाहिलेला असायचा. संध्याकाळी गाणं तयार.

अंकल सांगतात की स्टुडिओत दोन स्टँड शेजारी असत आणि त्यांवर दोन वेगळ्या लिप्या. यांच्यापुढे पाच रेघांवरचे काळे ठिपके, आणि सतार-बासरीवाल्यांपुढे वहीच्या पानावर देवनागरीत सा रे ग म. गाणं एकच. मध्ये पान उलटायची मात्र चोरी, कारण सगळं एका दमात, थेट रेकॉर्ड व्हायचं आणि पानाची सळसळ माईक पकडणार. म्हणून पानं शेजारी शेजारी पसरून ठेवायची. स्टँड छोटा पडला तर शेजाऱ्याच्या स्टँडवर एक पान, आणि मान तिरकी करून वाचायचं. "आमची मान बघ," अंकल म्हणतात, "ती अजून डावीकडेच जाते."

इथे स्टँड स्टुडिओचा. मी विचारलं, मग तेव्हा बरं होतं ना, उचलायला लागत नव्हता? अंकलनी नुसता हात हलवला. स्टँड स्टुडिओचा होता आणि स्टँडवरचा कागदही. गाणं झालं की कागदाचं काम संपलं. कुणी ते जपून ठेवायचे नाहीत. तबकडीच्या कागदावर नाव संगीतकाराचं, गीतकाराचं, गायकाचं. ज्याने व्हायोलिनांचा तो तुकडा लिहिला, जो आज तुम्ही-आम्ही गाण्यासकट गुणगुणतो, त्याचं नाव बहुतेक वेळा नाही. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी या वादकांना भेटून 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं, २००८ साली. तोवर त्यांच्यातले कितीतरी गेलेले होते.

एकाने मात्र स्टँड वेगळ्या जागी मांडून बघितले. अँथनी गोन्साल्विस. होय, खरा माणूस. जन्म १९२७, गाव माजोर्डा, वडील चर्चचे संगीतशिक्षक. मुंबईत येऊन व्हायोलिन वाजवलं, अरेंजर झाले, शिकवलं. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे विद्यार्थी. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालून त्यांनी स्वतःच्या रचना केल्या आणि १९५८ साली सेंट झेविअर्स कॉलेजच्या चौकात त्या सादर केल्या. शंभराच्या वर वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. मी त्या चौकात गेले आहे. दगडी कमानी, मध्ये मोकळं आकाश. शंभरावर वादक म्हणजे दोघांत एक धरला तरी पन्नासाच्या वर स्टँड, उघड्यावर, अरबी समुद्राच्या वाऱ्यात. त्या संध्याकाळी वारा कसा होता याची कुठे नोंद नाही, पण मला सारखं तेच डोळ्यांपुढे येतं.

त्या स्टँडांवरचे कागद त्यांचे स्वतःचे होते. हा फरक त्यांना किती महत्त्वाचा वाटला असेल ते पुढच्या घटनांवरून ताडता येतं. १९६० च्या दशकाच्या मध्याला ते सिनेमा सोडून अमेरिकेला गेले. परतल्यावर माजोर्ड्यात शांत राहिले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव देशभर पोचलं. प्यारेलालनी गुरूला केलेला तो नमस्कार होता. देशाला वाटलं ते एका विनोदी पात्राचं नाव आहे. २०१२ साली ते वारले.

आणि आपली बाजू? मराठी घरातून आलेल्या मला स्टँडबद्दल आधी एक वेगळीच अडचण होती. लाज. आमच्याकडे कागद बघून गाणारा कच्चा समजतात. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी केली. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांत शेकडो बंदिशी स्वरांकित करून ठेवल्या. पण ते सगळं वर्गासाठी. मैफलीत कागद नाही. तिथे काय गायचं हे त्या क्षणी ठरतं, त्यामुळे कागदाचं कामही नाही, हे खरं. पण भावगीताच्या कार्यक्रमात काय होतं? गायिकेपुढे वही असते. वहीपुढे फुलांचा गुच्छ ठेवलेला असतो, वही झाकायला. सगळ्यांना माहीत असतं.

युरोपात एकेकाळी नेमकं उलट होतं हे वाचून माझी भीड चेपली. १८३७ साली क्लारा वीक, पुढची क्लारा शूमान, बर्लिनमध्ये बेटहोवन पाठ वाजवायला बसली. तर बेटिना फॉन आर्निमने नाक मुरडलं की ही मुलगी किती आगाऊ, समोर कागदसुद्धा ठेवत नाही. कागद ठेवणं म्हणजे रचनाकाराचा मान राखणं. पुढे पाठ वाजवण्याचीच सक्ती झाली. आणि विसाव्या शतकात स्व्यातोस्लाव रिख्तरसारखा पियानोवादक उतारवयात अंधाऱ्या रंगमंचावर एका छोट्या दिव्याखाली कागद ठेवून वाजवू लागला. लाज ही गोष्ट दर शंभर वर्षांनी बाजू बदलते.

आता वहीच्या जागी टॅब्लेट आलाय. पहिला आयपॅड २०१० चा. २०१२ साली ब्रसेल्स फिलहार्मोनिकने अख्ख्या वाद्यवृंदाला टॅब्लेट देऊन कार्यक्रम केला. पायाने दाबायचं ब्लूटूथ पेडल घेतलं की पान उलटायचं संकट मिटतं. पान वाऱ्याने उडत नाही. दिवाही लागत नाही, हायडनची मेणबत्ती त्यातच आली. शे-दीडशे गाणी एका पाटीत. पण दुपारच्या उन्हात तो तापून बंद पडतो, आणि मी स्वतः पाहिलंय, एका साखरपुड्यात अंतरा सुरू असताना गिटारवाल्याच्या टॅब्लेटवर 'आई कॉलिंग' झळकलं. त्याने पायानेच कट केला आणि तीन पानं पुढे गेला.

मग मी घेतला कुठला? अंकलचा प्रश्न घेऊनच परत दुकानात गेले. उचलणारी मीच. डोंबिवलीहून लोकल, खांद्याला व्हायोलिनची पेटी, पाठीला सॅक, दुसरा हात कडीला. तीन किलोंचा पाटीवाला स्टँड दिसायला देखणा, पण तो ज्याच्याकडे गाडी आहे किंवा ज्याचा हॉल ठरलेला आहे त्याचा. शाळेत, क्लासमध्ये, स्टुडिओत तोच घ्यावा, दुसरा विचार करू नये. फक्त टॅब्लेटवर अवलंबून राहण्याची माझी हिंमत नाही, आणि ऐपतही नाही.

मधला एक मार्ग आहे. पाटी सलग पण सुटी होणारी किंवा दुमडणारी, खाली घडीची तिवई. वजन दीड-पावणेदोन किलो. घेताना मी दुकानात चार गोष्टी करून बघितल्या, दुकानदार वैतागेपर्यंत. दांडा पूर्ण वर काढून वरून हलकेच दाबला, खाली घसरतो का ते बघायला. पाटीवर जाडजूड वही ठेवली आणि पाटी पुढे मान टाकते का ते बघितलं. कागद अडवणारी खालची पट्टी बोटाने मोजली, कारण काड्यांच्या स्टँडची पट्टी इतकी अरुंद असते की वीस पानांची फाइल तिच्यावर टिकत नाही. आणि पाय. पाय जितके फाकून जमिनीलगत येतील तितकं बरं, पण मंचावर दाटी असते, शेजारच्याचा पाय अडकतो. म्हणून पायांचा फाकवा कमीजास्त करता येतो का हे बघायचं. स्क्रू प्लास्टिकचे असतील तर घेऊ नका. तिथूनच तो मरतो.

वाऱ्याचा इलाज स्टँडमध्ये नसतो, हे मला डोंबिवलीने शिकवलं होतं. सलग पाटी तर वाऱ्यात आणखी मोठं शीड. त्यासाठी तीन पायांपैकी एक पाय आपल्याकडे, कागदाच्या बाजूला वळवायचा, कारण वजन त्याच बाजूला झुकतं. दांड्याला खाली सॅक अडकवायची, आत पाण्याची बाटली भरलेली. पाटी शक्य तितकी खाली आणि आडवी. कागदाला घरचे कपड्यांचे चिमटे. लाकडी, प्लास्टिकचे नकोत, ते उन्हात तुटतात. मी आता आठ नेते. दोन शेजारच्या मुलीसाठी.

तिने व्हायोलिन दुरुस्त करून घेतलंय. नवी घोडी थोडी उंच बसली आहे, अशी तिची तक्रार आहे, पण आवाज आधीपेक्षा मोकळा येतो. मागच्या आठवड्यात बदलापूरला कार्यक्रम होता, एका सोसायटीच्या गच्चीवर. मी स्टँड लावला, सॅक अडकवली, चिमटे लावले. ती आली, तिने आपली खुर्ची माझ्यापासून दीड हात लांब सरकवली आणि मग बसली.